दादांचं लॉगिन

ऑफिसात तिला सगळे कुलूपबाई म्हणत. कंपनीची क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने घेतलेल्या मशिनांवर, चौदा खाती. कोणत्या खात्यात कोणाला शिरू द्यायचं आणि कोणामुळे बिल किती आलं, हे बघणं तिचं काम. काम कसलं, लोकांची घाण उपसणं! ज्याला त्याला सगळीकडची मुभा हवी, आणि कशाला हवी असं विचारलं की नाकं मुरडायची.

हे काम तिला ऑफिसातल्याच जुन्या दादांनी शिकवलं, अगदी हाताला धरून. दोन वर्षांपूर्वी ते वारले. त्यांचं लॉगिन ती बंद करायला निघाली तर साहेब म्हणाले, "राहू दे गं, अडीनडीला लागतं." त्या लॉगिनला सगळी खाती उघडी होती ना! महिनाभरात तो पासवर्ड ऑफिसभर झाला. मेलेल्या माणसाच्या नावावर जिवंत लोक खुशाल काम करत होते, आणि तिने तेही चालवून घेतलं.

या महिन्यात बिल तिप्पट आलं. कोणीतरी चाळीस मोठी मशिनं लावून ठेवली होती. नाव दादांचं. वरून खुलासा मागवला, तेव्हा साहेबांनी तिच्यापुढे कागद टाकला: 'दिवंगत कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे...'

"कर सही. तो काय भांडायला येणार आहे?"

तिला शिसारी आली. दादांची बायको खाली स्वागतकक्षात बसायची, जाणारं टपाल तिच्याच हातून जायचं. नवऱ्याच्या नावाला फासलेलं काळं त्या बाईने स्वतः पाकिटात घालायचं?

"मेलेला माणूस मशिनं लावतो होय, साहेब?"

"आधीच लावून ठेवली होती, असं लिही. फार शहाणपणा नको."

शी! किळस तिला स्वतःचीही आली. ती जागेवर येऊन बसली आणि दादांचं लॉगिन बंद करून टाकलं.

पाच मिनिटांत खुर्च्या सरकल्या. "अगं, माझं काम अडलं!" "माझंही!" तिने कोरा कागद पुढे सरकवला. "दादांच्या नावाने काय काय चालवत होतात ते लिहा, खाली सही करा. मग तुमच्या नावाने परवानगी देते."

नऊ जणांनी मुकाट्याने लिहिलं. चाळीस मशिनं कोणाच्याच ओळीत नव्हती.

तेवढ्यात केबिनचं दार उघडलं. साहेब तणतणत आले. "काय चाललंय हे? माझी मशिनं उघडत नाहीत!"

तिने पेन त्यांच्यापुढे धरलं.

"किती आहेत, साहेब?"