डाव्या कानातली जिन

माझ्या डाव्या कानात गेली साठ वर्षं जिन चालू आहे. कापसातून सरकी वेगळी काढतात ती जिन; त्या कारखान्यालाही आमच्याकडे जिनच म्हणतात. कुणाच्या कानात भुंगा असतो, कुणाच्या रातकिडा. आमचं घरच यवतमाळच्या एका जिनच्या चाळीत होतं, म्हणून माझ्या वाट्याला ही आली. हल्लीचे डॉक्टर तिला भारदस्त नाव देतात, गोळ्या लिहून देतात आणि वर सांगतात की फिरायला जात जा, झोप नीट घ्या. हे मला पहिल्यांदा सांगणारे डॉक्टर होऊन गेले त्याला जमाना लोटला, तेव्हा यांच्या फीबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही.

दिवाळी आटोपली की जिनचा भोंगा व्हायचा आणि सीजन सुरू. मग होळीच्या पुढेपर्यंत आमच्या माठातलं पाणी स्थिर म्हणून राहत नसे. इंजिन, पट्टे, ओळीने लावलेल्या चाळीस-एक जिनी, सगळं मिळून जो आवाज होई त्यात आम्ही जेवलो, अभ्यास केला, भांडलो, झोपलो. जिनमध्ये कापूस घालणाऱ्या बाया संध्याकाळी बाहेर पडत तेव्हा त्यांच्या भुवयासुद्धा रुईने पांढऱ्या झालेल्या असत, आणि त्या तशाच हसत, खिदळत, एकमेकींच्या कानाशी तोंड नेऊन बोलत घरी जात. आमच्या चाळीत हळू बोलणं कुणाला येतच नव्हतं. कळंबची मावशी आली की पहिल्या दिवशी हमखास विचारायची, "तुमी भांडून राह्यले का बोलून राह्यले?" मला त्या चाळीची अजून आठवण येते. सरकीच्या तेलाचा तो वास कुठे आला तर मी रस्त्यात उभा राहतो.

बाबा त्या जिनमध्ये फिटर होते. पट्टा तुटला, दांडा तापला, कुठे खडखडलं की बाबा. अंगाने असे की सरकीचं भरलेलं पोतं ते दोन हातांनी उचलून बाजूला ठेवत, आणि ठेवताना बोलणं चालूच. तीस वर्षांत एक खाडा नाही. ताप त्यांना आलेला मी पाहिला नाही. एकच गोष्ट खटके. हाक मारली की ते ओ देत नसत. माय जेवायला बोलवी, एकदा, दोनदा, तीनदा. मग ती उठून त्यांच्या खांद्याला हात लावी. आम्ही पोरं समजायचो की बाबांना ताठा आहे. मला तर त्याचा रागच यायचा. मॅट्रिक पास झाल्याचं मी दारातून ओरडून सांगितलं, तर ते पान्हा पुसत बसलेले. ती गोष्ट मी कितीतरी वर्षं मनात धरून होतो.

तरी माझं माप म्हणजे बाबाच होते. त्यांच्यासारखं अंग कमवायचं, एवढंच मला कळत होतं. छप्पन साली, आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला त्या हिवाळ्यात, मी जिनमध्ये लागलो. सकाळी आखाडा, मग दिवसभर जिन. असे चार सीजन काढले. पुढे अमरावतीला व्यायामशिक्षकाचा कोर्स केला आणि बासष्टच्या जुलैत बाभुळगावच्या एका शाळेत ड्रिल मास्तर म्हणून लागलो. नोकरी कच्ची होती. तीन महिन्यांत सिव्हिल सर्जनचं 'तंदुरुस्त आहे' असं सर्टिफिकेट आणून दिलं तर पक्की, नाहीतर परत जिनमध्ये. मी हसलो होतो. हजार बैठका मारणाऱ्या माणसाला तंदुरुस्तीचा कागद मागतात, म्हटलं.

शाळेच्या पहिल्याच सोमवारी प्रार्थना झाली, आणि मुलांना मिनिटभर डोळे मिटून गप्प उभं करायची तिथे पद्धत होती. सगळं मैदान गप्प झालं. आणि मला जिन ऐकू आली. बारीक, लांबून, पण चालू. मी हळूच मागे वळून पाहिलं. प्रार्थना सुटल्यावर शिपायाला विचारलं, "इथली जिन कुठं आहे हो?"

"जिन? आता कायची जिन, सर? सीजनले अजून चार महिने हायेत."

तेव्हा मला कळलं की ती माझ्या डोक्यात आहे. चाळीत शांतता कधी झालीच नाही, अमरावतीला एका खोलीत आठजण. पहिल्यांदा गप्प जागा मिळाली ती बाभुळगावात, आणि तिथे हे निघालं. मी घाबरलो. खरंच घाबरलो. पैलवानाच्या अंगात खोट निघाली, ती नेमकी सर्टिफिकेटच्या तोंडावर.

शनिवारी यवतमाळला आलो की मी पहिल्यांदा आखाड्यात जायचो. वस्तादांना, म्हणजे ज्यांनी मला मातीत लोळवून माणूस केलं त्यांना, मी दबक्या आवाजात सांगितलं. त्यांनी माझ्या कानाची पाळी ओढून पाहिली.

"कमजोरी हाये. डोक्यात वारं शिरलं. रगत वर चढलं पायजे. शीर्षासन कर, आन् दंड वाढव."

"किती वाढवू?"

"आवाज बंद होयेपर्यंत."

वस्तादांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मी पहाटे पाचशे दंड काढायला लागलो, श्वास छातीत कोंडून, कारण श्वास सोडला की जोर जातो असं आमच्या आखाड्यात मानत. मग भिंतीला पाय लावून शीर्षासन. उलटा उभा राहिलो की कानातल्या जिनला जोडीला इंजिनही लागे, धडाधड. मला वाटे, वारं निघून चाललंय. वर बदाम, दूध, आणि लसूण कढवलेलं तेल कानात. दोन महिन्यांत माझी छाती दीड इंच वाढली आणि आवाज दुप्पट झाला. झोप उडाली. झोप उडाली म्हणून अंग दुखे, अंग दुखे म्हणून मी समजायचो कमजोरी वाढली, की आणखी दंड. इतका मूर्खपणा मी पुढे आयुष्यात केला असेल, पण इतक्या मेहनतीने नाही.

घरी मी चकार शब्द काढला नाही. मायला सांगितलं असतं तर ती रडली असती. आणि बाबांना काय सांगणार? ज्या माणसाने तीस सीजन काढले आणि काही झालं नाही, त्याचा पोरगा चार सीजनमध्ये खराब झाला? मला त्यांची नजर आधीच दिसत होती.

ऑक्टोबरात मुदत भरत आली तेव्हा एका शनिवारी मी सकाळच्या मोटारीने यवतमाळला येऊन सिव्हिल सर्जनसमोर उभा राहिलो. वयस्क, बारीक चणीचे, सावकाश बोलणारे गृहस्थ. त्यांनी वजन घेतलं, छाती मोजली, डोळे पाहिले. छाती मोजताना "वा" म्हणाले. मी फुललो. मग त्यांनी मला डोळे मिटायला सांगितले आणि साखळीचं घड्याळ उजव्या कानाशी धरलं.

"टिकटिक ऐकू येते?"

"येते."

घड्याळ लांब नेलं. तरी येत होती. मग ते डाव्या बाजूला आले. "आता?" मला जिनशिवाय काही ऐकू येत नव्हतं. पण नोकरी डोळ्यांपुढे होती.

"येते," मी म्हणालो.

"आता?"

"येते, साहेब. स्पष्ट."

"डोळे उघडा," ते म्हणाले. घड्याळ त्यांच्या खिशात होतं. साखळीचं टोक तेवढं बाहेर लोंबत होतं.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. मग मी सगळं ओकलो. प्रार्थना, जिन, दंड, शीर्षासन, लसूण, सगळं. ते मध्ये एकदाही हसले नाहीत, फक्त लसणापाशी त्यांनी चष्मा काढून पुसला.

"कान म्हणजे काही पोटरी नव्हे, घासून घट्ट व्हायला," ते म्हणाले. "जिनच्या आवाजाने आतलं जे झिजलं ते झिजलं. ते व्यायामाने भरून येत नाही. पण श्वास कोंडून जोर काढलात, झोप सोडलीत, तर आवाज वाढणारच. डोक्यावर उभं राहणं बंद. सकाळी पायी फिरा, पोहा, मुलांबरोबर खेळा. अंग निवांत असलं की तो मागे सरकेल. जाणार नाही, पण मागे सरकेल. आणि पुन्हा जिनमध्ये पाय ठेवायचा नाही."

त्यांनी लेखणी उचलली.

"ड्रिल मास्तरने ऐकण्यापेक्षा ऐकवायचं असतं," असं म्हणून त्यांनी कागदावर 'तंदुरुस्त' लिहिलं आणि सही केली. कागद देता देता विचारलं, "घरात आणखी कुणाला आहे हा त्रास?"

"नाही, साहेब. माझे वडील तीस वर्षं जिनमध्ये फिटर आहेत. त्यांना काही म्हणजे काही नाही."

त्यांनी लेखणीला टोपण लावलं. "विचारून पाहा," म्हणाले.

मी चाळीत पोचलो तेव्हा दुपार होती. सीजनला अजून पंधरवडा होता, जिन बंद होती, चाळ सुस्त पडली होती. बाबा ओट्यावर पाय पसरून बसले होते, माय त्यांच्या उजव्या हाताला सुपात तूर निवडत होती. मी बाबांसमोर उकिडवा बसलो, कागद त्यांच्या हातात दिला आणि तोंड त्यांच्याजवळ नेऊन सांगितलं की नोकरी पक्की. त्यांनी कागद उलटा-सुलटा पाहिला, आणि मला वाटलं होतं त्याहून जास्त खूश झाले. मग मी धीर केला.

"बाबा, माह्या कानात आवाज येते. जिनसारखा. डाक्टर म्हणे, जिननंच झाला."

"कोनता आवाज?"

मी तोंडाने काढून दाखवला. बारीक, न तुटणारा. ते नीट ऐकत होते.

"थो?" ते म्हणाले. "थो तं असतेच ना. त्यात काय सांगाचं? जिन बंद झाली का सुरू होते. शांत झालं म्हंजे तसाच आवाज येते."

चाळीतल्या सगळ्यांचं हेच असणार होतं. सगळे जिनमध्ये, सगळ्यांच्या कानात तेच, तेव्हा कुणी कुणाला काय विचारणार? शांततेचा आवाज असाच असतो असं धरून माणसं जगत होती, आणि मी त्यातलाच एक, तीन महिने डोक्यावर उभा राहून स्वतःला नासका समजत होतो.

"बाबा, थो सगळ्यायले नसते," मी म्हणालो. "जे जिनमधी नाही गेले त्यायले काहीच आयकू येत नाही. शांत म्हंजे शांत."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी थट्टा करतोय का, याचा त्यांना अंदाज घ्यायचा होता. मग ते मायकडे वळले. माय जन्मात कधी जिनच्या आत गेली नव्हती.

"कावं, तुले आता काय आयकू येऊन राह्यलं?"

मायने सुपातला हात थांबवला. "चिमणी वरडून राह्यली. त्या पलीकडं कोनी धुणं धुते."

"ते नाही. ते बंद झाल्यावर?"

"मंग काही नाही."

"काहीच नाही?" बाबा म्हणाले. त्यांचा आवाज मला आधी आश्चर्याचा वाटला, पण ते आश्चर्य नव्हतं. त्यांना तिची कीव आली होती. आपल्याकडे आहे ते हिला कधी मिळालंच नाही, अशी. "मंग तुले सुनं सुनं नाही वाटत?"

मायने सूप खाली ठेवलं.

"वाटते ना," ती म्हणाली. "तीस वर्सं झाले, हाका मारून राह्यली तुमाले."

बाबांनी ते पहिल्याच खेपेला ऐकलं, कारण ती त्यांच्या उजव्या बाजूला होती आणि त्यांचा उजवा कान अजून थोडा शाबूत होता. हे मला त्या दुपारी कळलं. मॅट्रिक पास झालो तेव्हा मी ज्या दारातून ओरडलो होतो ते त्यांच्या डाव्या हाताला होतं.

बाबा बसल्या बसल्याच तिच्या बाजूला सरकले आणि सुपातली मूठभर तूर आपल्या पुढ्यात ओढून खडे निवडायला लागले. मी आत पाणी प्यायला निघालो तेव्हा मायने मला विचारलं, जेवून आला का, तर माझ्याआधी बाबांनीच ओ दिली.