मळक्या जर्सींची पिशवी

ट्रोल्स नॉरस्कोव्ह हा फुटबॉलमधला डाव्या बाजूचा बचावपटू. अख्ख्या व्यावसायिक कारकिर्दीत त्याच्या नावावर गोल एकच, आणि तोही कॉर्नरचा चेंडू पाठीवर आपटून आत गेलेला. तरी पठ्ठ्यानं त्याचा आनंद असा साजरा केला की मांडीचा स्नायू दुखावून पुढचा महिनाभर घरी बसला.

सतराव्या वर्षी डेन्मार्कातल्या आरहूस शहराच्या मोठ्या क्लबानं त्याला उचललं. त्याच्या खाडीकाठच्या होल्मबी गावात कुणाचं तोंडावर कौतुक करायची पद्धत नाही, त्यामुळे निरोपाला कुणी फिरकलं नाही. त्या आठवड्यात गावच्या संघाचे मळके कपडे धुवायची पाळी ट्रोल्सची होती. घाईघाईत त्यानं ती घामट पिशवी संघातल्या आस्गरच्या दारात टाकली आणि गेला.

पुढे आरहूस झालं. हॉलंडमध्ये दोन हंगाम राखीव खेळाडूंच्या बाकावर गेले. मग नॉर्वे, मग पुन्हा डेन्मार्क, पण खालच्या विभागात. धुतलेली, घडी घातलेली जर्सी रोज खुंटीवर तयार असायची. ती कोण धुतं, हे त्यानं कधी विचारलं नाही. चौतिसाव्या वर्षी गुडघा कुरकुरू लागला, क्लबानं करार वाढवला नाही आणि गडी होल्मबीला परतून खिडक्यांच्या कारखान्यात कामाला लागला.

गावच्या मैदानासमोरून मात्र तो मान खाली घालून सायकल हाकायचा. गाव आपल्याला पुन्हा आपलं म्हणेल का, की 'मोठे साहेब खाली उतरले' म्हणेल, ह्याच धास्तीनं तो आत पाऊल टाकत नव्हता.

शेवटी आस्गरच दारात आला. आता तो संघाचा कप्तान होता, पोटही कप्तानाला शोभेल असं.

"आमचा डावा बचाववाला शिकारीला चाललाय. रविवारी मोकळा आहेस का?"

"गुडघा दुखतो रे."

"आमचं सगळंच दुखतं. दहाला ये."

रविवारी सामन्याआधी सगळे भलतेच सभ्य वागले. खिडकीजवळची जागा त्याला. क्लबघरात स्वयंपाक सांभाळणाऱ्या बिर्टेनं पहिली कॉफी त्यालाच ओतली, आणि तीही चांगल्या कपात. पाहुण्यासारखी सरबराई चाललेली बघून ट्रोल्सनं कप तसाच खाली ठेवला. ह्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

त्या सामन्याच्या उत्तरार्धात मिळाल्या. गोलरक्षकाकडे चेंडू परत ढकलताना त्याचा पाय घसरला आणि चेंडू निवांत गडगडत आपल्याच जाळ्यात शिरला.

"अरे गाढवा!" आस्गर गरजला. "हॉलंडात हेच शिकलास का?"

"जाऊ दे रे," बिर्टे मैदानाच्या कडेवरून ओरडली, "दुसरा गोल तरी झाला बिचाऱ्याचा!"

अख्खं मैदान हसलं आणि सगळ्यांत जोरात ट्रोल्स हसला. सामना हरले. नंतर बियर पिताना कुणीतरी त्याच्या मांडीवर काहीतरी ओलं, जड, कुबट आदळलं.

"हे काय?"

"कपडे," आस्गर म्हणाला. "पाळी तुझी होती. तू पळालास आणि माझ्या आईला धुवावे लागले. अजून ऐकवते ती मला."

ट्रोल्सनं पिशवी छातीशी धरली. वासानं नाक झिणझिणलं, तरी सोडवेना. इतक्या वर्षांत मिळालेलं कुठलंही पदक त्यानं असं कवटाळलं नव्हतं.

घरी गेल्यावर त्यानं पांढऱ्या जर्सी आणि लाल मोजे एकदमच यंत्रात कोंबले.

पुढच्या रविवारी कपडे बदलायच्या खोलीत त्यानं पिशवी उघडली. गुलाबी जर्सी एकेक करून बाहेर आल्या. आस्गरनं आपली जर्सी उजेडात धरून पाहिली, उलटीसुलटी केली आणि मुकाट्यानं पोटावर ओढली.

"पुढच्या रविवारीही कपडे तूच धुवायचे," तो म्हणाला. "नीट जमेपर्यंत तुझीच पाळी."


"म्हणजे पुढच्या रविवारीही येऊ?" ट्रोल्सनं विचारलं.

"मग काय, कपडे पोस्टानं पाठवणारेस?"