ब्रदरांची मराठी गेली

पोलादपूरजवळच्या शाळेत आम्ही तिघे ब्रदर होतो. लग्न करायचं नाही, एका घरात राहायचं, सकाळ-संध्याकाळ एकत्र प्रार्थना करायची आणि बाकीचा वेळ मुलांना शिकवायचं, असं आमचं आयुष्य. आम्ही धर्मगुरू नव्हतो, तरी गावातले काहीजण फादर म्हणायचेच. मी वसईचा, दुसरा रांचीकडचा, आणि सगळ्यांत थोरले केरळचे. ते तरुणपणीच इकडे आले. मराठी शिकले ती वाड्यांवरच्या मुलांच्या तोंडून, त्यामुळे वर्गातही ‘हाय’, ‘नाय’च करायचे. मुलांना ते फार आवडायचं.

आठवीला भूमिती शिकवताना ते फळ्यापाशीच कोसळले. महाडच्या डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूत रक्तस्राव झालाय. घरी आणलं तेव्हा त्यांचा उजवा हात लुळा पडला होता आणि मराठी पार गेली होती. हिंदी-इंग्रजीही गेली. उरली फक्त मल्याळम, आणि आम्हा दोघांना तिच्यातला एक शब्द कळत नव्हता.

ते एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायचे. आम्ही पाणी पुढे करायचो, उशी सरकवायचो, पंखा लावायचो. ते चिडायचे, मग रडायचे.

शेवटी मी हायवेवरच्या मल्याळी पंक्चरवाल्याला घेऊन आलो. त्याने कॉटवर बसून ऐकलं आणि माझ्याकडे वळून म्हणाला, “बोलतायत, पोरं बाहेर उभी आहेत. दरवाजा खोला.”

दार सताड उघडं होतं. तरी मी आठवीचा वर्ग बोलावून घेतला. मुलं आत आली, भिंतीला टेकून उभी राहिली. एक मुलगी म्हणाली, “ब्रदर, आमी आलो.” त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं. ‘दार उघडं आहे’ हे मल्याळममध्ये कसं म्हणायचं ते मी पंक्चरवाल्याकडून शिकून घेतलं. रोज म्हणायचो. ते लक्ष देऊन ऐकायचे, मान डोलवायचे, आणि पुन्हा तेच.

मग आमच्या वरिष्ठांनी त्यांना केरळातल्या वृद्ध ब्रदरांच्या घरी हलवायचं ठरवलं. जीप आली त्या दिवशी डोंगरावरच्या कुडपण गावचे एक शेतकरी खाली उतरून आले. त्यांची दोन्ही मुलं ब्रदरांच्या हाताखाली शिकली होती.

“कुठं नेताव त्यांना?”

“त्यांच्या गावाला.”

“हितंच ठेवा की. आमी बघू त्यांचं.”

मी म्हणालो, “तिकडे नर्स आहे, त्यांची भाषा बोलणारी माणसं आहेत.” सगळं खरंच होतं. पण जीपमध्ये बसवताना ब्रदरांनी डाव्या हाताने माझी बाही धरली, आणि ती मला एकेक बोट उचलून सोडवून घ्यावी लागली.

पावसाळा संपता संपता फोन आला. ते गेले. दफनही झालं होतं.

बातमी ऐकून कुडपणचे ते गृहस्थ पुन्हा आले. पायरीवर बसले.

“माती द्यायला कोण गेलं हुतं हितनं?”

“कोणीच नाही,” मी म्हणालो.

त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मी आत जाऊन चहाचं आधण ठेवलं.