हातातल्या बॅगेतलं लोणचं

परदेशातल्या परिषदेला येणाऱ्यांसाठी आयोजकांनी सूचना पाठवल्या होत्या: थंडी किती, विमानतळावरून ट्राम कुठली, प्लग कसला. मी प्राध्यापक माणूस, सगळ्या वाचल्या. हातातल्या बॅगेत काय चालत नाही, तेवढं सोडून.

बायको वारली त्याला वर्षही झालं नव्हतं. तिनं घातलेल्या कैरीच्या लोणच्याची शेवटची बरणी मी सोबत घेतली. मुलुंडहून निघताना मुलगी म्हणाली, "बाबा, मोठ्या बॅगेत टाका ना."

मी ऐटीत म्हणालो, "तेल सांडलं तर माझ्या पेपरची वाट लागेल!"

विमानतळावर तपासणीत एका जवानानं बरणी अडवली. "अंकल, अचार अलाउड नहीं. बाहर किसी को दे दो." मुलीला मी गेटवरूनच परत पाठवलं होतं आणि विमानाची वेळ झाली होती. मी झाकण उघडलं, एक फोड तोंडात टाकली आणि बरणी त्या जवानाच्या हातात दिली. मागची रांग बघत राहिली.

पलीकडे गेलो तोच मुलीचा फोन. "बाबा, झालं ना सगळं नीट?"

"हो गं," म्हणालो. फोड अजून तोंडातच होती. ती चावून संपवायचा धीर होईना.