पुढून नवी, मागून जुनी

कोणतीही वस्तू जिथली असेल तिथेच राहिली तर तिच्या आयुष्याचे वाटोळे होते, असे मनापासून मानणारा जगात एकच माणूस आहे. तो नेमका आपल्याच नात्यात निघाला, याला मी योगायोग म्हणत नाही, शिक्षा म्हणते. मुलांनो, मी तुमच्या आईच्या वडिलांबद्दल, म्हणजे माझ्या व्याह्यांबद्दल लिहिते आहे. तुम्हाला ते मोबाईलच्या पडद्यावर दिसतात तेव्हा टोपी सरळ करून "बरं हाये ना बाळांनो?" एवढेच म्हणतात आणि गप्प बसतात. त्यावरून ते एक शांत, निरुपद्रवी गृहस्थ आहेत असा तुमचा समज झाला असेल. तो दूर करणे माझे कर्तव्य आहे.

ते राहतात घाटाखाली मोताळ्याला, मी घाटावर बुलढाण्याला. त्यांच्या घरात शिरताना दारावरची घंटा दाबू नये, कारण ती ट्रॅक्टरच्या हॉर्नला जोडलेली आहे. पहिल्यांदा मी ती दाबली तेव्हा शेजारच्यांची म्हैस दावे तोडून थेट तहसील कचेरीपर्यंत गेली होती. कूलरचा पंखा त्यांनी एका हंगामात तूर उफणायला काढला, तो परत आलाच नाही. तेव्हापासून उन्हाळाभर ते बिनपंख्याच्या कूलरसमोर खुर्ची टाकून बसतात. मी विचारले, "अहो भाऊ, यात वारा कुठे आहे?" तर म्हणाले, "वारा देवाचा येते, इहीणबाई. गवत तं आपलं ओलं हाये ना?" माझा मिक्सर त्यांनी एकदा मी नको नको म्हणत असताना दुरुस्त केला. त्यात बिघाड काहीच नव्हता. आता तो उलटा फिरतो आणि चटणी खाली बसण्याऐवजी झाकणाला चिकटते. तुमच्या आईला पाहायला आम्ही मोताळ्याला गेलो, तेव्हा मुलगा काय शिकला, घरी कोण कोण असते, यातले एक अक्षर या माणसाने विचारले नाही. चहा झाल्यावर तुमच्या आजोबांना बाजूला घेऊन ते हळूच म्हणाले, "तुमच्या गाडीचा डावा दिवा दुसऱ्या गाडीचा हाये ना?" आजोबांनी कबूल केले. त्या क्षणी लग्न ठरले.

आता मोटरसायकल. ती तुमच्या आईपेक्षा वयाने मोठी आहे आणि लाडातही तिचा नंबर वरचा आहे, असे तुमची आई म्हणते. तुमची तिकडची आजी गेल्यापासून तर दर गुरुवारी घाट चढून माझ्याकडे यायचे आणि माझ्या घरातली एखादी चालू वस्तू बंद पाडून जायचे, हा त्यांचा नेमच होता. पुढे त्यांच्या उजव्या गुडघ्याने दगा दिला. मोटरसायकलचा मागचा ब्रेक उजव्या पायाने दाबायचा असतो. पुढचा असतो उजव्या हाताशी, पण जुन्या गाडीचा पुढचा ब्रेक म्हणजे नुसती समजूत होती, दाबला की गाडी थांबायच्या ऐवजी कण्हायची. कीकही उजव्याच पायाने मारायची. म्हणून ते गाडी नेहमी उतारावर उभी करत, म्हणजे ती कीक न मारता घरंगळत सुरू होई. माझ्या गल्लीला उतार नाही, त्यामुळे ते दहा घरे पलीकडे गाडी ठेवून लंगडत चालत यायचे आणि विचारले तर व्यायाम म्हणून सांगायचे.

हे तुमच्या आईला कळले. तिने परदेशातून हुकूम काढला की गाडी विकायची. तिच्या वडिलांनी तो ऐकून सोडून दिला. तेव्हा तिने एक डाव टाकला. मला फोन करून म्हणाली, "आई, बाबा माझं ऐकत नाहीत. तुम्ही बघा आणि ठरवा. तुम्ही सांगाल ते मला मान्य." पोरगी मोठी हुशार. आपल्याकडे मुलीचा बाप मुलीच्या सासूला उलट बोलत नाही. सासू चुकत असली तरी नाही, आणि चुकत असली तर मुळीच नाही. मी ही चाल जुनाट समजते आणि तिचा फायदा मात्र इतकी वर्षे बिनबोभाट घेत आले आहे. जगात या माणसाला थांबवू शकेल असा एकच ब्रेक होता, तो तुमच्या आईने शोधून काढला.

मी एसटीने मोताळ्याला गेले. ओसरीत गाडी विटांवर उभी होती, पण तिला पुढचा भागच नव्हता. हँडल नाही, दिवा नाही, चाक नाही. शेजारी गोणपाटावर दुसऱ्याच एका गाडीचा पुढचा भाग, हँडलापासून चाकापर्यंत, नवाकोरा पसरलेला. मलकापूरच्या भंगारवाल्याकडे एक नव्या मॉडेलची गाडी आली होती, तिला ट्रकने मागून चेपले होते, पण पुढून ती नवरीसारखी होती. "पाय गेला तं गेला," व्याही म्हणाले, "हात तं हाये ना? ह्या चाकाले डिस्क ब्रेक हाये. दोन बोटं लावले का गाडी उभी! आता सारा ब्रेक हातावर."

"अहो, पण हे या गाडीचे नाही ना!"

"शंकरानं पोराले हत्तीचं डोकं बसोलं, तवा कोनी इचारलं का, मॉडेल कोन्तं हाये म्हून?"

मॉडेलचा मुद्दा मी सोडला. चतुर्थीचा उपास मीही करते. तरी अडचण होतीच. हँडल ज्या दांड्यावर फिरते तो दांडा नव्या भागाचा जाड आणि लांब, आणि जुन्या सांगाड्याची मान अरुंद आणि आखूड. त्यांनी मला माझ्याच भाषेत समजावले, "खल तुमचा हाये न् बत्ता शेजारनीचा." मग बसस्टँडमागच्या लेथवाल्याकडून नव्या भागाचा जाड दांडा ठोकून बाहेर काढला आणि जुन्या गाडीचा दांडा नव्या भागात दाबून बसवून घेतला. सगळे बसले. गाडी मात्र पुढून चार बोटे उंच झाली आणि काहीतरी आठवत असल्यासारखी आभाळाकडे बघत उभी राहिली.

आता एवढ्यावर थांबायचे की नाही? पण नव्या गाडीचे बुटके हँडल त्यांना पटेना. "वाकून चालवाले मी काय चोर हाये?" म्हणून त्यांनी आपले जुने, उंच, बैलाच्या शिंगांसारखे हँडल त्यावर चढवले. त्यामुळे हँडलापासून चाकाकडे जाणारा ब्रेकचा तेलाचा पाइप आखूड पडला. गाडी डावीकडे छान वळे, उजवीकडे वळवू गेले की पाइप ताणला जाई. लांब पाइप येईपर्यंत पंधरवडाभर हा माणूस फक्त डावीकडे वळत होता. माझा निकाल लागायच्या आधीच, गुरुवार म्हणून, ते घाट चढून आलेसुद्धा. घाटातली वळणे लांबरुंद, ती निभावली. माझी गल्ली मात्र रस्त्याच्या उजव्या हाताला आहे. मी फाटकात उभी, चहा उतू जायच्या बेतात. गल्लीच्या तोंडाशी हे आले, हात वर केला, "आलोच, इहीणबाई!" म्हणाले आणि सरळ पुढे निघून गेले. तीन वेळा डावीकडे वळत, अर्धे बुलढाणे पालथे घालून, पंधरा मिनिटांनी गल्लीसमोरच्या रस्त्यातून उगवले. "तुमचं गाव लय वाढलं," म्हणाले.

पाइप बदलल्यावर मी परीक्षा घेतली. माझ्या घराजवळच्या रस्त्यावर खडूने रेघ मारली आणि छत्री घेऊन कडेला उभी राहिले. तिन्ही वेळा ते रेघेच्या वीतभर अलीकडे थांबले. पण व्याही समाधानी नव्हते. "सपाट रस्त्यावर तं सायकलबी थांबते. मांगं बसा, घाट उतरू." मी तुमच्या आजोबांचे जुने हेल्मेट चढवले आणि एका बाजूला पाय सोडून बसले. त्र्याहत्तराव्या वर्षी माणसाने इतके निःपक्षपाती असू नये.

घाटातल्या तिसऱ्या वळणावर एकदम चाळीसेक शेळ्या आडव्या आल्या. व्याह्यांनी दोन बोटे आवळली. गाडी खिळ्याने ठोकल्यासारखी उभी राहिली आणि माझे हेल्मेट त्यांच्या पाठीवर आपटले. शेळ्यांमागून काठी घेऊन एक म्हातारी आली.

"काऊन बे बुढ्या! या वयात बायकोले मांगं बसवून फटफटी उडवतं का?"

व्याह्यांचे कान लाल झाले. "बायको नोहे वो! इहीण हाये माही!"

म्हातारीने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. "इहीण? मंग तं आनखी जपून न्या ना, भाऊ!"

शेळ्या गेल्या. त्यांनी गाडी कडेला घेतली. सदऱ्याच्या बाहीने हँडल पुसले. मग म्हणाले, "लग्नात तुमी काही मागलं नाही. मीबी काही मागलं नाही. आज मागतो. हे गाडी राहू द्या. एसटीची वाट पाहत बसला का मानूस घरातच बसून जाते, इहीणबाई."

मी म्हटले, "पास आहे तुमची गाडी."

एवढेच म्हणून थांबले असते तर बरे झाले असते. पण नुसते पास म्हणणे माझ्या स्वभावात नाही. त्या शेळ्या अजून डोळ्यांपुढे होत्या, आणि तुमच्या आईलाही मला तोंड दाखवायचे होते. घरी येऊन मी सुवाच्य अक्षरात कागद केला. हेल्मेट घालावे. दिवस मावळायच्या आत घरी असावे. मागे कोणाला बसवू नये. घाट चढू किंवा उतरू नये. एक प्रत तुमच्या आईला फोटो काढून पाठवली, एक त्यांना दिली. त्यांनी ती सावकाश वाचली. "इंग्रजी शिकलेली बाई, सारं लेहूनच देनार," एवढेच म्हणाले, घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. घाटावर घर माझे, घाटाखाली त्यांचे, हे मला त्यानंतरच्या गुरुवारी चहाचे आधण ठेवताना लक्षात आले.

हल्ली गुरुवारी अकराच्या सुमारास माझा फोन वाजतो. "इहीणबाई, राजूरले आलो. चहा घेऊन राह्यलो." राजूर म्हणजे घाटाचा पायथा. माझ्या अटीत ते नेमके बसते. मीही माझा कप घेऊन बसते. तुमच्या परीक्षा, तुमच्याकडचा बर्फ, सगळे मी सांगते, ते "हाव, हाव" म्हणत ऐकतात. परवा मला राहवले नाही. म्हटले, "भाऊ, या वर. ती चौथी अट मी खोडून टाकते."

"आसं कसं?" ते म्हणाले. "पोट्टीले तुमी लेहून देलं. सासूचा शब्द सुनेसमोर खाली पडला नाही पाह्यजे."

मी कप खाली ठेवला, फोन नाही. त्यांनीही फोन ठेवला नाही. त्यांच्या बाजूने बराच वेळ घाट चढणाऱ्या ट्रकांचा आवाज येत राहिला.