हेझलबाईंनी बोलणी खाल्ली

हेझल ब्रांट नेब्रास्कातून कामिनाशीला शिकवायला आल्या, त्या एप्रिलात त्यांना छप्पन्नावं लागलं होतं. एकतीस वर्षं एकाच शाळेत सहावीचा वर्ग सांभाळून त्या निवृत्त झाल्या होत्या. लग्न केलं नव्हतं. संध्याकाळच्या वर्गाला जाऊन दोन वर्षं जपानी भाषा घोटली आणि जपानच्या तोत्तोरी प्रांतातल्या या नाशपातीच्या गावात एक वर्षाच्या करारावर इंग्रजी शिकवायची नोकरी धरली. धाकटी बहीण म्हणाली होती, "या वयात लोक गुडघे बदलतात, देश नाही."

गाव भलतंच चांगलं निघालं, आणि तीच अडचण झाली. जो तो हसून वाकायचा. "काड्यांनी किती छान जेवता हो!" दुकानदार म्हणायचा, पोस्टातली मुलगी म्हणायची, मुख्याध्यापकांची बायकोसुद्धा तेच म्हणायची. त्यापुढे गाडी हवापाण्यावर जायची आणि तिथेच थांबायची. एकदा तर हेझलबाई शाळेच्या संडासापुरत्याच घालायच्या सपाता पायांत तशाच ठेवून शिक्षकांच्या खोलीत आल्या आणि दुपारभर त्याच घालून वावरल्या. चौदा माणसांनी त्यांच्या पायांकडे पाहिलं. एकानं तोंड उघडलं नाही. संध्याकाळी बूट घालायला वाकल्या तेव्हा त्यांचं त्यांनाच कळलं. सपातांचं एवढं वाईट वाटलं नव्हतं. आपण इथे कायमचे पाहुणेच राहणार, हे मनाला लागलं होतं.

जुलै सरत आला होता. शाळा सुटून त्या सायकलवरून घरी निघाल्या असताना देवळामागच्या मैदानातून एक पांढरा चेंडू घरंगळत रस्त्यावर आला आणि त्यांच्या चाकाला लागून थांबला. वर चार म्हातारी माणसं लांब दांड्याच्या मोगऱ्या घेऊन उभी होती. गेटबॉल, म्हणजे मोगरीनं चेंडू ठोकून कमानींतून न्यायचा खेळ, चालला होता. हेझलबाई उतरल्या, चेंडू उचलला, चढण चढून गेल्या आणि तोंडभर हसून तो सगळ्यांत पुढे उभ्या असलेल्या बाईच्या हातात दिला.

ती बाई त्यांच्या खांद्याला जेमतेम लागत होती. डोक्यावर उन्हाची झालरवाली टोपी, तिच्याखाली दोन बारीक डोळे.

"अहो बाई! उचललात कशाला?" ती कडाडली. "बाहेर कुठून गेला ते बघायचं असतं! तिथल्याच रेषेवर मांडायचा असतो! तुमच्याकडे बघता बघता ती जागाच गेली डोक्यातून. सगळ्या डावाचा विचका केलात!"

"अगं तोकिए," मागून एक उंच, वाकलेला म्हातारा हळूच म्हणाला, "परदेशी बाई आहेत."

"परदेशी असतील, गोइची. डोळे तर आहेत ना? ही एवढी जाड हद्दीची दोरी दिसत नाही?"

हेझलबाईंचे कान लाल झाले. मग त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याला यातला शब्द न् शब्द कळला. आपल्याशी कुणी सावकाश, लहान मुलाशी बोलावं तसं बोललं नव्हतं. चार महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी आपल्याला झापलं होतं! त्यांना हसू फुटलं, आणि ते काही केल्या आवरेना.

"मला माफ करा," त्या कशाबशा म्हणाल्या. "मी इथे बसून बघू? शिकते मी."

तोकिए यामानेनं त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. संघ पाचांचा लागतो. पाचव्या गड्याचे गुडघे उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच संपावर गेले होते. तेव्हापासून गोइची दोघांचे चेंडू मारायचे आणि आपला कुठला नि दुसरा कुठला ते विसरायचे. उरलेल्या दोघी निशिओ बहिणी. त्या एकदमच बोलायच्या आणि एकदमच गप्प व्हायच्या.

"शाळा कितीला सुटते?" तोकिएनं विचारलं.

"साडेचारला."

"मग उद्या पावणेपाचला. टोपी आणा. उशिरा आलात तर परत पाठवीन."

हेझलबाई दुसऱ्या दिवशी पाच मिनिटं आधीच हजर झाल्या. वर्गातल्या पोरांनी आपल्या बाईंना डोक्यावर टोपी कोंबून सायकल पिटाळताना पाहिलं आणि गावभर केलं.

त्यांचा नेम बरा होता, पण स्वभाव आडवा यायचा. या खेळात आपला चेंडू दुसऱ्याच्या चेंडूला लागला, की आपला पायाखाली दाबायचा, त्याचा शेजारी चिकटवून ठेवायचा आणि आपल्या चेंडूवर ठोका हाणून त्याला दूर हाकलायचं. हेझलबाई ठोका असा मारायच्या, की समोरचा चेंडू जेमतेम कूस बदलायचा. वर ज्याचा चेंडू, त्याची माफी मागायच्या.

"खेळायला आलात की पाहुणचार करायला?" तोकिए ओरडायची. "तो समोरचा बुवा ऐंशी वर्षांचा आहे म्हणून दया येते? पुढच्या फेरीत तुमचा चेंडू पार रस्त्यापर्यंत उडवेल, मग बघा किती दया करतो ते!"

ऑक्टोबरात पाच गावांच्या स्पर्धा झाल्या. शेवटच्या डावात हेझलबाईंचा चेंडू समोरच्या संघातल्या सर्वांत वयस्क गड्याच्या चेंडूला जाऊन टेकला. गृहस्थ एक्याण्णव वर्षांचे, छातीवर नंबर लावून काठी टेकून उभे. हेझलबाईंनी तोकिएकडे पाहिलं. तोकिए आकाशाकडे बघत होती. मग त्यांनी दात आवळले, डोळे मिटायचं टाळलं आणि हाणला ठोका. चेंडू मैदान ओलांडून, दोरी ओलांडून थेट गटारात.

म्हाताऱ्यानं सावकाश वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "सुरेख!" पुढच्या फेऱ्या तो शांतपणे खेळत राहिला. त्यानं आपला चेंडू मैदानात परत आणला, नेम धरला, हेझलबाईंच्या चेंडूला गाठलं आणि तो कुंपणाला नेऊन आदळवला. कामिनाशीचा संघ एका गुणानं हरला.

"आता कशी खेळलात!" तोकिए म्हणाली आणि त्यांच्या पाठीत एक धपाटा घातला. निशिओ बहिणींनी डबे उघडले. मीठ लावलेल्या भाताचे मुटके, पिवळा खारवलेला मुळा आणि झाडावरून काढलेल्या गार नाशपात्या. गोइचींनी आपली अर्धी नाशपाती हेझलबाईंना दिली, मग विसरून तीच परत मागितली.

त्यानंतर दुकानदारानं काड्यांचं नाव काढलं नाही. "काय हो बाई," तो हिशेब करता करता म्हणायचा, "तिसऱ्या कमानीला उजवीकडून का गेलात? डावीकडून सरळ होतं की!" शेजारी उभं असलेलं गिऱ्हाईक म्हणायचं, "छे, उजवंच बरोबर." आणि दोघं तिथेच भांडायला लागायचे.

डिसेंबरात बर्फ पडलं आणि मैदान बंद झालं. एका रविवारी तोकिए हातभर लांब मुळा घेऊन हेझलबाईंच्या दारात आली. आत डोकावली. हेझलबाई कोट घालून एकट्याच स्टोव्हपाशी बसल्या होत्या.

"ही काय बसायची तऱ्हा आहे? ऊठ. चल माझ्याकडे."

'ऊठ' म्हणाली ती, 'उठा' नाही. हेझलबाईंच्या तेही लक्षात आलं.

तोकिएच्या घरी रजई घातलेलं बुटकं टेबल होतं, खाली शेगडी. दोघी त्यात कमरेपर्यंत पाय घालून बसल्या, मधे संत्र्यांची टोपली. तोकिएनं घसा खाकरला आणि एकदम इंग्रजीत, पाठ म्हणावा तसं म्हणाली, "ही माझ्या काकांची छत्री आहे."

हेझलबाईंना आधी कळेचना, ती कुठली भाषा बोलतेय. कळल्यावर त्या हसायला लागल्या.

"हसू नकोस. मुलींच्या शाळेत एक वर्ष शिकले. धडा चौथा. मग युद्धात ते पुस्तकच बंद झालं आणि आम्हांला बसवलं शिपायांचे कपडे शिवायला. पुढे त्या छत्रीचं काय झालं, साठ वर्षं झाली, मला ठाऊक नाही." तिनं संत्रं सोलायला घेतलं. "तुझे वडील कुठे होते तेव्हा?"

"आरमारात. इकडच्याच समुद्रावर."

शेगडीची ऊब पायांना लागत होती. तोकिएनं फोडीवरच्या शिरा एक एक करून काढल्या.

"परत आले?"

"आले."

"बरं झालं. हे घे, संत्रं खा."

त्या दिवसापासून दर गुरुवारी हेझलबाईंकडे इंग्रजीची शिकवणी सुरू झाली. पाचवा धडा हेझलबाईंनी स्वतः लिहिला: काका छत्री बसमध्ये विसरतात. तोकिए म्हणाली, काका मूर्ख आहे. मग सहावा धडा तिच्या सांगण्यावरून लिहावा लागला, त्यात काकू काकांना धारेवर धरते. शब्द चुकला की तोकिए म्हणायची, "तूच नीट शिकवत नाहीस," आणि घरी जाऊन तो शब्द पंचवीसदा लिहून आणायची.

फेब्रुवारीत शाळेत पालकांनी येऊन वर्ग बघायचा दिवस होता. तोकिएचं कुणीच त्या शाळेत शिकत नव्हतं, तरी ती ठेवणीतला किमोनो नेसून आयांच्या रांगेत मागे उभी राहिली. हेझलबाई वाचायला सांगत होत्या आणि मुलं नेहमीसारखी पुस्तकात तोंड खुपसून पुटपुटत होती. तीन मुलांपर्यंत तोकिएनं कळ काढली.

"अरे, तोंडात काय मटारचे दाणे धरलेत?" ती मागून गरजली. "मोठ्यांदा!" आणि पुढच्या बाकावरचं पुस्तक ओढून तिनंच अख्खं पान वाचलं, खणखणीत आवाजात, निम्मे उच्चार वाकडे. उपमुख्याध्यापकांनी रुमालानं कपाळ पुसलं. वर्ग खो खो हसला. पण नंतर ज्याला उठवलं तो ओरडूनच वाचायला लागला. यामाने आजींपेक्षा वाईट तर आपण नक्कीच वाचणार नाही, एवढा धीर प्रत्येकाला आला होता.

मार्चमध्ये उपमुख्याध्यापकांनी कराराचे कागद पुढे ठेवले. आपल्या गावात थंडी फार, सोयी कमी, बाईंना कंटाळा आला असेल तर समजण्यासारखं आहे, असं ते दहा मिनिटं आडवळणानं बोलत राहिले. त्यांचं बोलणं संपेपर्यंत हेझलबाईंनी सही करून टोपणही लावलं होतं.

तिथून त्या सायकलनं थेट मैदानावर गेल्या. बर्फ वितळून चिखल झाला होता आणि तोकिए गमबूट घालून एकटीच दाताळ्यानं जमीन सारखी करत होती.

"राहतेय मी," हेझलबाई म्हणाल्या.

"ते दुसरं दाताळं घे. त्या कोपऱ्यात पाणी साचलंय."

दोघी कामाला लागल्या. थोड्या वेळानं गोइची काठी टेकत चढण चढून आले. धाप लागली होती.

"तोकिए, अगं, अमेरिकन बाई आणखी वर्षभर राहायला तयार झाल्या का?"

"तिला विचारलंय कुणी?" तोकिए मान वर न करता म्हणाली.