लाल डबा, पिवळा डबा

माझ्या हातून आजवर एकच काम असं झालंय, ज्याची मी कुणी न विचारताही फुशारकी मारतो. आणि तेही निम्मं माझं नाही.

चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग बनतात. तिथल्या तपासणीच्या नोंदी वहीऐवजी कॉम्प्युटरवर घेण्यासाठी मी प्रोग्रॅम लिहिला होता. तपासणीच्या टेबलावर बावीस वर्षं काढलेल्या एक अक्का होत्या. नुसता अंगठा फिरवून तुकड्यातला दोष सांगायच्या. मला त्या तंबी म्हणत, म्हणजे धाकटा भाऊ. आठवड्यात कॉम्प्युटर जमला नाही तर पॅकिंगला पाठवीन, असं सुपरवायझरने त्यांना बजावलं होतं.

अक्का नोंदी झरझर करत, पण एखादी चुकली की अडून बसत. चुकलेली नोंद स्क्रीनवरच्या कचऱ्याच्या टोपलीत टाका, असं मी माझ्या मोडक्या तमिळमध्ये दहादा सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. चार दिवसांत स्क्रीनभर चुकलेल्या नोंदी साठल्या. मी वैतागलो. नाचता येईना अंगण वाकडं, म्हटलं.

पाचव्या दिवशी त्यांच्या शेजारीच उभा राहिलो. टेबलावर तीन डबे होते. हिरव्यात चांगला माल, पिवळ्यात पुन्हा बघायचा, लाल डब्यात बाद. लाल डब्याला कुलूप. त्यात पडलेलं परत येत नाही. मी पुन्हा स्क्रीनवरच्या टोपलीकडे बोट दाखवलं, तेव्हा अक्का शांतपणे म्हणाल्या, "तंबी, चूक माझ्या बोटाची आहे. तुकडा चांगला आहे. त्याला कचऱ्यात कसं टाकू?"

मला माझीच लाज वाटली. मी जिला नोंद म्हणत होतो, तो त्यांच्यासाठी तुकडाच होता. अंगण खरंच वाकडं होतं, आणि ते मीच सारवलं होतं.

त्याच दुपारी टोपली काढून टाकली. स्क्रीनवर तीन डबे आणले, टेबलावर होते त्याच क्रमाने. चुकलेली नोंद पिवळ्यात जाणार, दुरुस्त होऊन परत येणार. अक्कांनी एकदा पाहिलं आणि सुट्टीचा भोंगा व्हायच्या आत सगळा ढीग निस्तरला. सुपरवायझर बघतच राहिला. एवढ्यात कशा शिकलात, असं त्याने विचारलं.

"शिकायचं काय त्यात?" अक्का म्हणाल्या. "माझंच टेबल आहे."

पॅकिंगचं नाव पुन्हा निघालं नाही. आता नव्या मुलींना त्याच शिकवतात. मी गेलो की माझ्याकडे बोट दाखवून सांगतात, हा तंबी इथेच शिकला. खोटं कशाला बोलू, छाती फुगते माझी.